थेल्मा रिटर : जिला सगळ्यांच्या आधी कळते

पडद्यावर अमेरिकन अभिनेत्री थेल्मा रिटर पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्यांचे वय ४५ होते आणि श्रेयनामावलीत त्यांचे नावसुद्धा नव्हते. १९४७ सालच्या ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ या चित्रपटात, न्यूयॉर्कच्या मेसीज या अवाढव्य दुकानात, नाताळच्या खरेदीने मेटाकुटीला आलेली एक आई आहे. दुकानातला सांताक्लॉज तिच्या मुलाला खेळण्यातला आगीचा बंब देण्याचे कबूल करून बसतो आणि ती त्याच्यावर उखडते, कारण तो बंब कुठेच मिळत नाही हे तिला पायपीट करून कळलेले असते. सांता तिला शांतपणे दुसऱ्याच एका दुकानाचे नाव सांगतो. एका दुकानाने आपले गिऱ्हाईक आपण होऊन प्रतिस्पर्ध्याकडे पाठवावे, ही गोष्ट तिला पटायला जो काही क्षणांचा वेळ लागतो तो रिटर यांनी असा दाखवला आहे की आजवर त्या बाईला किती दुकानदारांनी फसवले असेल हे न सांगता कळते. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट-कंपनीचे निर्मितीप्रमुख डॅरिल झॅनक यांना हा तुकडा आवडला, त्यांनी तो वाढवून घेतला आणि त्यातूनच पुढची वीस वर्षे उभी राहिली.

त्याआधीचे आयुष्य थोडक्यात सांगता येईल. जन्म १४ फेब्रुवारी १९०२ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये शिक्षण, मग नाटक कंपन्यांतून कामे आणि ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, एखाददुसरी भूमिका. पण नाव झाले नाही. १९२७ साली त्यांनी जोसेफ मोरन यांच्याशी लग्न केले. मोरन हेही नटच होते, पुढे ते जाहिरातीच्या व्यवसायात गेले. दोन मुले झाली आणि ती लहान असताना रंगभूमी मागे पडली. मुले जराशी मोठी झाल्यावर रिटर रेडिओवरच्या नाटकांतून बोलू लागल्या. दिग्दर्शक जॉर्ज सीटन यांच्याशी जुनी ओळख होती, त्यांनी मेसीजमधल्या त्या आईसाठी त्यांना बोलावले. बाकी कुटुंबाचे बस्तान न्यूयॉर्कमध्येच राहिले. हॉलिवूडमध्ये जाऊन तारका होण्याची घाई या बाईंना कधी दिसली नाही आणि त्या वयात ती कोणी त्यांच्याकडून अपेक्षिलीही नसती.

मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते एका विशिष्ट कारणासाठी. रिटर यांनी आयुष्यभर जी माणसे उभी केली ती जवळजवळ सगळी दुसऱ्यांची कामे करणारी होती : नटीला कपडे चढवणारी ड्रेसरबाई, स्वयंपाकीण, नर्स, मोलकरीण, टाय विकणारी, घर भाड्याने देणारी. नायक-नायिकांच्या खोल्यांत त्यांना मुक्त प्रवेश असतो, पण त्यांच्या गोष्टीत स्थान नसते. आणि या बायकांना, मालकांच्या खोलीत काय शिजते आहे ते, मालकांच्या आधी कळते. रिटर यांच्या अभिनयाचा गाभा मला इथे दिसतो. त्यांनी या जाणण्याला शहाणपणाचा दिखाऊ रंग दिला नाही. हातातले काम चालू ठेवून, मान वर न करता, घोगऱ्या आणि जराशा नाकातल्या ब्रुकलिनच्या आवाजात त्या खरे ते बोलून जात. ऐकणाऱ्याने ऐकले तर ठीक.

१९५० सालच्या ‘ऑल अबाउट ईव्ह’मधली बर्डी घ्या. मार्गो चॅनिंग ही ब्रॉडवेची चाळिशीत आलेली महान अभिनेत्री (बेटी डेव्हिस), आणि तिच्या दिमतीला असलेली बर्डी कूनन ही एके काळची व्हॉडव्हिलमधली, म्हणजे विविध करमणुकीच्या खेळांतली, कलावंत. ईव्ह नावाची एक भोळी दिसणारी चाहती मार्गोच्या मेकअपच्या खोलीत येते आणि आपली करुण कहाणी सांगते : गरिबी, युद्ध, मेलेला नवरा. खोलीतली सगळी सुशिक्षित, रसिक, नाटकवाली माणसे हेलावून जातात. बर्डी मात्र, या कहाणीत आता पाठीमागे लागलेली शिकारी कुत्री तेवढी राहिली, अशा अर्थाचे एक वाक्य टाकते. मार्गो तिला झापते. काही दृश्यांनंतर मार्गो स्वतःच तिला विचारते की तुला ईव्ह आवडत नाही ना, आणि बर्डी सांगते की ती मुलगी तुमचा अभ्यास करते आहे, तुम्ही कशा चालता, बोलता, खाता, झोपता, याचा. अख्ख्या चित्रपटाचे गुपित या बाईने पहिल्या भागातच उघड करून टाकलेले असते. बर्डी स्वतः रंगमंचावर राबलेली आहे, म्हणून तिला तालमीतला सूर आणि खरा सूर यांतला फरक कळतो; रिटर ते वाक्य ज्या सहजतेने टाकतात त्यात तिची ती सगळी जुनी नोकरी ऐकू येते.

आणि मग बर्डी नाहीशी होते. घरातली ती गाजलेली मेजवानी संपते आणि त्यानंतर लेखक-दिग्दर्शक जोसेफ मँकिवित्झ तिला पुन्हा पडद्यावर आणत नाहीत. तिला कामावरून काढले का, ती सोडून गेली का, कशाचाही उल्लेख नाही. हा चित्रपट मला अतिशय प्रिय आहे, पण पटकथेतली ही उणीव मला प्रत्येक वेळी खटकते. एका अर्थी ती खरीही आहे, कारण मार्गोच्या आयुष्यात बर्डीची जागा ईव्हने घेतलेली असते. तरी निदान एक निरोपाचे दृश्य या बाईचा हक्क होता. या भूमिकेसाठी रिटर यांना सहाय्यक अभिनेत्रीचे पहिले ऑस्कर नामांकन मिळाले.

त्यानंतरची तीन वर्षे दरवर्षी नामांकन आले. १९५१ साली ‘द मेटिंग सीझन’साठी, १९५२ साली ‘विथ अ साँग इन माय हार्ट’साठी, १९५३ साली ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’साठी. पुढे १९५९ साली ‘पिलो टॉक’ आणि १९६२ साली ‘बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ’. एकूण सहा, आणि सहाही वेळा पुरस्कार दुसऱ्या कोणाला गेला : जोसेफीन हल, किम हंटर, ग्लोरिया ग्रॅहॅम, डॉना रीड, शेली विंटर्स, पॅटी ड्यूक. सहाय्यक अभिनेत्रीच्या गटात इतकी नामांकने दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाहीत. यातल्या प्रत्येक वर्षी अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. किम हंटर आणि पॅटी ड्यूक यांची कामे त्या तोलाचीच आहेत. पण १९५३ चा पुरस्कार रिटर यांचा होता असे माझे ठाम मत आहे.

त्या मताचे कारण म्हणजे त्या वर्षीची मो ही भूमिका. दिग्दर्शक सॅम्युअल फुलर हे चित्रपटात येण्याआधी न्यूयॉर्कमध्ये गुन्हेगारीच्या बातम्या देणारे वार्ताहर होते, आणि ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’मधले शहर त्यांना अंगाअंगाने ठाऊक होते. भुयारी रेल्वेत स्किप नावाचा खिसेकापू (रिचर्ड विडमार्क) एका तरुणीची पर्स साफ करतो आणि त्यात नकळत सरकारी गुपितांची मायक्रोफिल्म त्याच्या हाती लागते. पोलिसांना चोर हवा असतो, म्हणून ते मोला बोलावतात. मो विल्यम्स रस्तोरस्ती टाय विकते, पण तिचा खरा धंदा खबऱ्याचा. चोराने हात कसा घातला एवढे वर्णन ऐकून ती चोर ओळखते, कारण या शहरातल्या प्रत्येक पाकीटमाराची बोटे तिला ओळखीची आहेत. नाव सांगण्याआधी ती किमतीची घासाघीस करते, आणि ती करताना रिटर यांच्या वागण्यात ना लाज आहे ना लबाडी. बाजारात बसलेली बाई जशी आपल्या मालाचा भाव राखून असते तशी ती आहे. आणि ज्याला तिने विकले तो स्किपही तिच्यावर रागावत नाही. मोलाही पोट आहे, एवढेच तो म्हणतो.

मो पैसे कशासाठी साठवते, हे या चित्रपटाचे हृदय आहे. तिला स्वतःच्या मरणाची सोय करायची आहे. न्यूयॉर्कमध्ये ज्यांचे कोणी नाही आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना शहराकडून बेवारसांच्या दफनभूमीत पुरले जाते, आणि मोला तिथे जायचे नाही. चांगल्या दफनभूमीत नावाचा दगड असलेली जागा हवी, म्हणून ती डॉलरला डॉलर जोडते आहे. बेवारसांत पुरले तर तो विचारच आपला जीव घेईल, असे ती म्हणते तेव्हा वाक्य विनोदी असते आणि हसू मात्र येत नाही, कारण रिटर ते हिशेबाची वही वाचावी तशा आवाजात बोलतात.

शेवटी परकीय हेरांचा माणूस तिच्या खोलीवर येतो. त्याला स्किपचा पत्ता हवा आहे आणि तो पैसे द्यायला तयार आहे. दिवसभर टायांची पेटी वाहून ती नुकतीच परतलेली, अंथरुणावर टेकलेली, ग्रामोफोनवर तबकडी लावलेली. जिने आयुष्यभर नावे विकली ती बाई इथे विकायला नकार देते. हा नकार ती गर्जून देत नाही. ती थकली आहे. पाय दुखतात, डोके दुखते, सकाळी उठून पुन्हा त्याच पायऱ्या चढायच्या आहेत, आणि तू गोळी घातलीस तर माझ्यावर उपकारच होतील, असे ती त्याला सांगते. कॅमेरा तिच्यावरून सरकून ग्रामोफोनकडे जातो आणि गोळीचा आवाज आपल्याला फक्त ऐकू येतो. या दृश्यात रिटर यांचा देह जवळजवळ हलत नाही. सगळे काम आवाज आणि पापण्या करतात. साम्यवादविरोधी प्रचाराचा शिक्का या चित्रपटावर बसला, आणि फ्रान्समध्ये तर तो डब करताना हेरांचे चक्क अमली पदार्थांचे व्यापारी करून टाकले. तरीही मोचे दृश्य जसेच्या तसे उभे राहते, कारण त्याचा आधार राजकारण नाही, एका माणसाचा थकवा आहे. स्किप नंतर बेवारस प्रेते नेणाऱ्या बोटीवर जाऊन तिची शवपेटी सोडवून आणतो, हे फुलर यांनी दाखवले याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

बहुसंख्य लोक रिटर यांना ओळखतात ते मात्र १९५४ सालच्या ‘रिअर विंडो’मुळे. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या या चित्रपटात पाय मोडून खुर्चीला खिळलेला छायाचित्रकार (जेम्स स्टुअर्ट) समोरच्या घरांच्या खिडक्यांत पाहत बसतो, आणि विमा कंपनीने पाठवलेली नर्स स्टेला रोज येऊन त्याचा ताप पाहते, पाठीला मालीश करते, जेवण देते. कॉर्नेल वुलरिच यांच्या मूळ कथेत ही बाई नाही. तिथे सॅम नावाचा घरगडी आहे. स्टेला पटकथाकार जॉन मायकेल हेज यांनी आणली, आणि तिच्यावाचून हा चित्रपट आज कल्पिता येत नाही.

स्टेला आल्या आल्या मालकाला दटावते की खिडकीत डोकावणाऱ्यांची आपली जात झाली आहे, लोकांनी जरा बाहेर जाऊन स्वतःच्या घरात डोकावून पाहावे. मग ती १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्याची गोष्ट सांगते. ती तेव्हा जनरल मोटर्सच्या एका संचालकाची शुश्रूषा करत होती. डॉक्टर म्हणत मूत्रपिंडाचा आजार. तिने ओळखले की माणूस धास्तावलेला आहे. आणि जनरल मोटर्सला दिवसातून दहा वेळा शौचालयात जावे लागत असेल तर अख्खा देश कोसळायच्या बेतात आहे, हे तिने ताडले. विनोद म्हणून हे भाषण सुरेखच आहे, पण मला त्यात अधिक काही दिसते. अर्थशास्त्रज्ञांना जे दिसले नाही ते रुग्णाची भांडी उचलणाऱ्या बाईला दिसले, हा त्यातला दावा रिटर अत्यंत गंभीरपणे, हातातले काम न थांबवता मांडतात. नंतर मालीश करतानाही हात आणि बोलणारे तोंड यांची लय त्या कुठेही तुटू देत नाहीत. हे जमवायला किती कसब लागते, ते कोणत्याही हौशी नाटकात चहा ओतता ओतता संवाद म्हणून पाहिलेल्याला विचारावे.

आणि हीच स्टेला, समोर खून झाला असावा अशी शंका पक्की झाल्यावर, नाश्त्याचे ताट मालकापुढे ठेवून विचार करत राहते की त्याने बायकोचे तुकडे नेमके कुठे केले असतील. न्हाणीघरातच, कारण रक्त तिथेच धुता येते. नायक घास खाली ठेवतो. तिला मात्र किळस नाही, कारण रक्त आणि धुणे दोन्ही तिच्या रोजच्या कामातले आहे. शेवटी फावडे घेऊन फुलांच्या वाफ्यात खणायलाही तीच उतरते.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मालकाला असे तोंडावर बोलण्याची मुभा रिटर यांच्या बायकांना होती, कारण त्या गोऱ्या होत्या. त्याच काळात हॉलिवूडमध्ये मोलकरणींच्या असंख्य भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्रींनी केल्या आणि त्यांना एवढे मोकळे बोलणे क्वचितच लिहून मिळाले. हॅटी मॅकडॅनियल यांनी १९४० साली मोलकरणीच्याच भूमिकेसाठी ऑस्कर जिंकले, आणि त्या समारंभात त्यांना वेगळ्या टेबलावर बसवले गेले होते. रिटर यांची थोरवी याने कमी होत नाही, पण ती कोणत्या जागेवर उभी होती हे विसरून त्यांच्याविषयी लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही.

मुख्य भूमिका त्यांना जवळजवळ मिळाल्याच नाहीत, आणि मिळाल्या तेव्हा त्यांना तसे म्हटले गेले नाही. ‘द मेटिंग सीझन’मध्ये हॅम्बर्गरचे दुकान बुडालेली एक आई मुलाच्या नव्या संसारात येते, सून तिला स्वयंपाकीण समजते आणि ती तो गैरसमज दूर न करता मुलाच्याच घरात कामाला लागते. सगळी कथा तिच्याभोवती फिरते, तरी जाहिरातीत पुढे नाव जीन टियर्नी यांचे आणि नामांकन ‘सहाय्यक’ गटात. १९५५ साली पॅडी चायेफ्स्की यांचे ‘द केटर्ड अफेअर’ हे नाटक टेलिव्हिजनवर थेट सादर झाले, त्यात मुलीचे लग्न थाटात व्हावे म्हणून हट्टाला पेटलेली ब्राँक्समधली आई रिटर यांनी केली. पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपट निघाला तेव्हा ती भूमिका बेटी डेव्हिस यांच्याकडे गेली. त्याच १९५५ साली ऑस्करचा समारंभ लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी झाला, आणि न्यूयॉर्कच्या बाजूचे सूत्रसंचालन रिटर यांनी केले.

रंगभूमीने त्यांना पडद्यापेक्षा उदार वागणूक दिली. युजीन ओनील यांच्या ‘ॲना क्रिस्टी’ या नाटकावर आधारलेल्या ‘न्यू गर्ल इन टाउन’ या १९५७ सालच्या संगीतिकेत त्या मार्थी झाल्या, आणि १९५८ साली संगीतिकेतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार त्यांना आणि त्याच प्रयोगातील ग्वेन व्हर्डन यांना विभागून मिळाला. सहाय्यक नव्हे, प्रमुख अभिनेत्रीचा. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी.

१९६० नंतरच्या भूमिकांत दोन महत्त्वाच्या. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द मिसफिट्स’मध्ये त्या रीनो शहरात घटस्फोटासाठी येणाऱ्या बायकांना खोली देणाऱ्या इझाबेल आहेत, मर्लिन मन्रो आणि क्लार्क गेबल यांच्या सोबत, आणि तिथेही त्या मध्यावरच कथेतून निघून जातात. ‘बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ’ मात्र वेगळा. खुनी कैदी रॉबर्ट स्ट्राउडची आई एलिझाबेथ मुलाची फाशी टळावी म्हणून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या पत्नीपर्यंत जाते आणि मुलगा तुरुंगातच लग्न करतो तेव्हा मात्र त्याच्यावर उलटते. नेहमीचा मिस्कीलपणा रिटर यांनी इथे पूर्ण काढून टाकला आहे. मुलगा तुरुंगात आहे तोवरच आपला आहे, हे त्या आईला कळलेले असते, आणि ते कळणे भयंकर आहे.

१९६५ सालच्या ‘बोइंग बोइंग’मधली त्यांची बर्था आपल्याकडच्या प्रेक्षकांना वेगळ्या रूपात ठाऊक आहे. पॅरिसमध्ये तीन हवाईसुंदरींना एकमेकींपासून लपवणाऱ्या माणसाची ती त्रासलेली मोलकरीण. त्याच कथेवरून आधी मल्याळममध्ये आणि मग २००५ साली हिंदीत ‘गरम मसाला’ निघाला, आणि बर्थाच्या जागी परेश रावल यांचा स्वयंपाकी आला. चित्रपट म्हणून ‘बोइंग बोइंग’ यथातथाच आहे.

५ फेब्रुवारी १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रिटर यांचे निधन झाले. सदुसष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता.

ज्यांनी त्यांचे काम पाहिलेले नाही त्यांनी ‘रिअर विंडो’पासून सुरुवात करावी, मग ‘ऑल अबाउट ईव्ह’, मग रात्री निवांतपणे ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’. आणि त्यानंतर, थोडा शोध घ्यावा लागला तरी, जॉर्ज क्युकर यांचा १९५१ सालचा ‘द मॉडेल अँड द मॅरेज ब्रोकर’ अवश्य पाहावा. त्यात रिटर या एकट्या पडलेल्या, लाजाळू, कोणी न निवडलेल्या माणसांची लग्ने जुळवणाऱ्या मे स्वेझी आहेत. श्रेयनामावलीत नाव जीन क्रेन आणि स्कॉट ब्रेडी यांच्या मागे, तिसऱ्या क्रमांकावर. पण चित्रपट मे स्वेझीचाच आहे, आणि या एका चित्रपटात त्यांना मध्येच कोणी काढून घेत नाही.